जुन्या थडग्यावरचं वाचायचंय? मग घासू नका

जुन्या दफनभूमीत गवतात अर्धा बुडालेला दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा दगड अचानक समोर आला की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या बाटलीकडे आणि मग घासायला जातो. हेतू चांगलाच असतो, पण जे नुकसान व्हायला एरवी अनेक पावसाळे लागले असते ते पाच मिनिटांत होऊन जातं. आणि गंमत अशी की अक्षरं वाचायला दगडाला हात लावायची बहुधा गरजच नसते. हवा असतो उजेड, तोही बाजूने.

ऊन समोरून पडलं की झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. तेच ऊन दगडाच्या अंगाला चाटून जात असेल, तर प्रत्येक खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि कोरा वाटणारा दगड बोलू लागतो. दगडाची पाठ सूर्याकडे असेल तर फूटभर रुंदीचा आरसा घेऊन दोन-तीन मीटरवर बाजूला उभं राहा आणि कवडसा तिरका पाडा. आभाळ भरलेलं असेल तर दगडावर काळी छत्री धरून टॉर्च मारा, दगडाच्या पृष्ठभागाशी १०-१५ अंशांत. कॅमेरा मात्र जागचा हलवू नका. डावीकडून, उजवीकडून, वरून असा उजेड बदलत फोटो घ्या. कंटाळवाणं वाटलं तरी हे करा, कारण बाजूच्या उजेडात उभ्या रेघा उठतात आणि आडव्या बुडतात. इंग्रजी 7 ची वरची दांडी बुडाली की त्याचा 1 होतो आणि १७७४ मध्ये गेलेला माणूस वंशावळीत १७१४ मध्ये जाऊन बसतो. वरून टॉर्च मारला असता तर दांडी दिसली असती.

खडू, पीठ, शेव्हिंग फोम चोळण्याचे सल्ले नेटवर अजून फिरत असतात. फोममधली आम्लं दगडाच्या छिद्रांत राहतात, पीठ म्हणजे बुरशीला निमंत्रण आणि खडू तुम्हाला जे वाचायचंय तेच वाचून दाखवतो. ब्लीच सगळ्यात वाईट. त्यातले क्षार आत मुरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते वरचा थर आतून ढकलून पाडतात. तारेच्या ब्रशचे कण दगडात अडकून गंजतात, ते डाग निघता निघत नाहीत. दगडफूल खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाची सालही निघते.

कुठला दगड किती सोसेल हेही पाहावं लागतं. स्लेटवरची अक्षरं तीनशे वर्षांनीही धारदार सापडतात, पण स्लेटचे पापुद्रे सुटतात. वालुकाश्माचा दर्शनी थर फुगून मागे पोकळी होते. बोटाच्या पेराने हलकंच टिचकावलं आणि ‘ढब’ असा पोकळ आवाज आला तर तिथेच थांबा. कागद ठेवून ठसा घेण्याचा विचारही नको. संगमरवर हवेतल्या आम्लाने विरघळतो. त्यावरून बोट फिरवलं आणि साखरेसारखे कण हाताला लागले, तर अक्षरंच हातावर आली असं समजा. संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळून गेली असतील, तरी हिरमुसू नका. शिसं धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं मागे राहतात. शेजारच्या शाबूत अक्षरांच्या भोकांची मांडणी पाहून गेलेलं अक्षर ओळखता येतं.

आता तारीख. दगडावर आहे म्हणून ती जशीच्या तशी खरी मानू नका. आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट आणि वर १७४० असेल, तर दगड नंतर बसवलेला असण्याचीच शक्यता जास्त. ग्रॅनाइटला यंत्राने पॉलिश करणं एकोणिसाव्या शतकात रुळलं. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारी १७२३ हा आपल्या हिशेबाने १७२४ असतो. काही दगडांवर दोन्ही वर्षं तिरक्या रेघेने जोडून दिलेली असतात, ती कारागिराची चूक नव्हे. हिजरी साल असेल तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ११८० म्हणजे साधारण १७६६-६७. फारसी-अरबी लेखात आकडा दिसला नाही तर शेवटची ओळ नीट उतरवा, कधीकधी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यांची बेरीज हेच साल असतं. आणि लॅटिनमध्ये ‘वयाच्या ७३व्या वर्षी’ असेल तर पूर्ण झालेली वर्षं ७२ धरा. जन्मसाल काढताना इथे बरेच जण घसरतात.

आडवा पडलेला किंवा कललेला दगड उचलायला जाऊ नका. १ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड ग्रॅनाइट म्हणजे सुमारे १६० किलो, पायावर पडला तर पाय गेला. शिवाय आतली लोखंडी कांब गंजून फुगलेली असेल तर हलवताच दगड दुभंगतो. भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेल्या दगडांखाली कबर शोधू नका, ते बहुधा दुसरीकडून हलवलेले असतात.

मजकूर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ द्या. स्पेलिंग चुकलं असेल तर चुकलेलंच ठेवा. अंदाजाने भरलेलं अक्षर चौकोनी कंसात टाका, अजिबात न लागणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब. मागची बाजू आणि शेजारचे दगड यांचेही फोटो घ्या, कुटुंबं बहुधा शेजारी-शेजारी असतात. दगड कुठे आहे ते दोन पक्क्या खुणांपासून मोजून लिहा, फाटक आणि भिंतीचा कोपरा चालेल, झाड नको. हे सगळं दफनभूमी सांभाळणाऱ्यांच्या हाती द्या. साफसफाई करायचीच असेल तर ती त्यांच्या परवानगीने आणि जाणकाराच्या हातून होऊ दे.