सुईत दोरा ओवायला सांगितलं होतं

परवा रात्री भाचीचा लातूरहून फोन आला. "मावशी, मी मिस इंडियाचा फॉर्म भरायलेय. उंचीची अट आता पाच फूट तीन इंच केलीय. मी पाच-चार आहे. आधी आईला तू सांग, मग अण्णांना."

लेकरू एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी घरात जे व्हायचं ते झालं. अण्णा ताटावरून उठले. दाजी म्हणाले, "डॉक्टर व्हायचं सोडून ही कसली थेरं?" ताई पदराला डोळे पुसत बसली. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'आपली संस्कृती' म्हणून लांबलचक मेसेज टाकला. तिथं लिहून उपयोग नाही, म्हणून इथं लिहितेय. घरचे वाचतीलच, वाचू देत.

दाजी, तुमच्या 'डॉक्टर' या शब्दापासूनच सुरुवात करते. रीटा फारिया हे नाव तुम्ही ऐकलंय का? गोव्याच्या आईबापाची मुंबईत वाढलेली पोर. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. १७ नोव्हेंबर १९६६ ला लंडनमध्ये ती मिस वर्ल्ड झाली. भारतातलीच काय, अख्ख्या आशियातली पहिली. जाताना साडी उसनी, पोहण्याचा पोशाख उसना आणि जवळ ३ पौंड. एका वर्षानं मुकुट उतरवला तेव्हा सिनेमा आणि मॉडेलिंगचे दरवाजे उघडे होते. तिकडं न जाता तिनं परत वैद्यकीची पुस्तकं उघडली. लंडनला किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात शिकली, डॉक्टर झाली, लग्न करून आयर्लंडला स्थायिक झाली आणि तिथंच डॉक्टरकी केली. २०१७ साली मिस वर्ल्ड झालेली मानुषी छिल्लरही हरियाणात सोनिपत जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी होती. ती पुढं सिनेमात गेली, तो तिचा निर्णय. सांगायचं इतकंच की डॉक्टरकी आणि हा मुकुट यांचं काही हाडवैर नाही.

आता संस्कृतीचं. १९४७ साली प्रमिला मिस इंडिया झाली. मूळ नाव एस्तर व्हिक्टोरिया अब्राहम, कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातली. वय तिशीच्या घरात. पदरी लेकरं, वर पुन्हा दिवस गेलेले. सिनेमात कामं करायची, नवऱ्याबरोबर स्वतःची चित्रपट कंपनी चालवायची. त्या साली आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आपली सुटका व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. आपण अजून निजामाची रयत होतो, तेव्हा पलीकडं एका गरोदर बाईला देशानं मिस इंडिया म्हटलं होतं! वीस वर्षांनी, १९६७ ला, तिचीच मुलगी नकी जहाँ मिस इंडिया झाली.

दुसरी इंद्राणी रहमान. १९५२ ला अमेरिकेत लाँग बीचला पहिली मिस युनिव्हर्स स्पर्धा झाली, त्यात भारताकडून ही उभी राहिली. लग्न झालेली, एका मुलीची आई. भरतनाट्यम आणि ओडिसी परदेशी रंगमंचावर नेणाऱ्या मोठ्या नर्तकींत तिचं नाव घेतात. १९६९ ला पद्मश्री मिळाली.

मग ही स्पर्धा फक्त पंचविशीच्या आतल्या बिनलग्नाच्या पोरींची कधी झाली? तेव्हा काही एकच स्पर्धा नव्हती. स्त्रियांची साप्ताहिकं-मासिकं आपापली भरवायची. रीटा 'ईव्हज वीकली'च्या स्पर्धेतून गेली, 'फेमिना'ची १९६४ ला सुरू झाली, पहिली विजेती मेहर कॅस्टेलिनो. पुढं 'फेमिना'चीच तेवढी मोठी होत गेली आणि अटीही घट्ट होत गेल्या. मिस युनिव्हर्सनं मधली कित्येक वर्षं विवाहितांना आणि आयांना दार बंद ठेवलं, ते २०२३ च्या स्पर्धेपासून उघडलं. आपल्या 'फेमिना'च्या स्पर्धेला मात्र अजूनही अविवाहितच लागते. माझा या स्पर्धेवर पहिला राग हा आहे. लग्न झालं की बाईचं सौंदर्य संपतं, हे कुणी ठरवलं?

मधू सप्रेबद्दल मला फार वाटतं. नागपूरची पोर, मैदानावर घाम गाळलेली. १९९२ ला बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये शेवटच्या तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारलं. तिनं खेळाची चांगली सोय उभी करीन असं सांगितलं. तिसरी आली. त्या उत्तरानंच मुकुट गेला असं लोक आजही म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आमच्या पोरी नांगरटीच्या रानात ढेकळं बाजूला सारून खो-खो खेळतात. याच आपल्या धाराशिवची सारिका काळे भारताच्या खो-खो संघाची कर्णधार झाली, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मधूचं उत्तर चूक होतं, हे माझ्या शाळेच्या मैदानावर उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

१९९४ तर माझ्या अंगावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही औसा तालुक्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की आत पाठ टेकवत नव्हती. २१ मे १९९४ ला सुष्मिता सेन मनिलाला मिस युनिव्हर्स झाली आणि कुणाकडून तरी तो पेपर आमच्याकडं आला. मी बारावीला होते. फोटो कापून कणकेच्या खळीनं पत्र्याला चिकटवला. उन्हानं चार दिवसांत पिवळा पडला, कडा सुटल्या, तरी आईनं काढू दिला नाही. पुढं कळलं की मिस इंडियाच्या रात्री सुष्मितानं घातलेला गाऊन सरोजिनी नगरच्या बाजारातल्या कापडाचा होता, परकर शिवणाऱ्या शिंप्यानं शिवलेला, आणि हातमोजे पायमोजे कापून केलेले. तिनं स्वतःच सांगितलंय. त्या रात्री ऐश्वर्या राय दुसरी आली आणि नोव्हेंबरात मिस वर्ल्ड झाली.

तीन वर्षांनी मला बघायला आले. पोहे झाले. मुलाच्या आत्यानं मला चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि स्वतःच्या उंचीशी माझी ताडून बघितली. "जरा मागच्या दारापर्यंत चालून ये," म्हणाल्या. मग सुई दिली. दोरा ओव, नजर कळती. ओवला. वेणी सोडायला लावली. रंगाविषयी आपसात कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. अण्णा तिथंच बसले होते. कुणाला संस्कृती आठवली नाही. निरोप आला, "मुलगी जरा सावळी आहे."

मी काही या स्पर्धांची वकील नाही. गोरेपणाचं वेड त्यांनी वाढवलं, १९९१ नंतर बाजार खुला झाल्यावर क्रीम-पावडरींच्या कंपन्यांनी त्यावर भरपूर कमावलं, आणि इंग्रजी न येणाऱ्या आपल्या पोरींना ती पायरी फार उंच पडते. १९९६ ला बंगळुरूत मिस वर्ल्ड झालं तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या बायांच्या रागातलं बरंचसं मला आजही पटतं. पण मंचावरच्या पोरीनं आपणहून अर्ज भरलेला असतो. तिला एक प्रश्न विचारतात आणि ती बोलेपर्यंत सगळे गप्प बसतात. मला त्या दिवशी नाव, शिक्षण आणि "स्वयंपाक येतो का" याच्या पुढं कुणी काही विचारलं नाही. तुला काय वाटतं, हे तर नाहीच.

अण्णा, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला तेव्हा तीच रीत वाटली. पण घरात पोरीला चालवून बघणं रीत, आणि तीच पोर स्वतःच्या मर्जीनं चालली की थेरं, हे मला पटत नाही. ती हरली तरी चालेल. पहिल्याच फेरीत परत आली तरी मी तिला आणायला बसस्टँडवर जाईन.

काल ताईकडं गेले होते. अण्णा अजून बोलत नाहीत. फॉर्म भरून झालाय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ताईनं बॉलपेननं दोन तारखांना गोल केलेत, एक परीक्षेची, एक निवडीची. दाजींनी बघितलं, काही बोलले नाहीत. रात्री निघताना मला हळूच विचारलं, "ती रीटा का कोण, तिनं पुढं खरंच डॉक्टरकी केली का?"