टोटोरोला जोडी लावू नका

‘सुट्टीत मुलांना दाखवायचे जपानी सिनेमे’ अशी एक यादी आज सगळीकडे फिरते आहे. शनिवार दुपार: आधी ‘माय नेबर टोटोरो’, लगेच पाठोपाठ ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. वयोगट ४ ते १०. का, तर दोन्ही एकाच स्टुडिओचे (जपानचा स्टुडिओ जिब्ली), दोन्ही दीड तासाच्या आत आटपणारे, दोन्हींत लहान भावंडं. यादी करणाऱ्याने दुसरा सिनेमा पाहिलेलाच नाही, हे शपथेवर सांगता येईल!

असा घोळ जपानमध्येही एकदा होऊन गेलाय. १६ एप्रिल १९८८ ला हे दोन सिनेमे असेच एका तिकिटात लागले होते. टोटोरोच्या प्रस्तावाला एकट्याने होकार मिळत नव्हता. खेड्यातलं जुनं घर, दोन बहिणी आणि झाडाच्या ढोलीत झोपणारा केसाळ प्राणी, यावर पैसे कोण लावणार? मग पुढे या स्टुडिओचे निर्माते झालेल्या तोशिओ सुझुकींनी तोड काढली. ग्रेव्हची मूळ कथा शिंचोशा प्रकाशनाकडे होती, त्यांनी तो सिनेमा काढायचा; टोटोरो तोकुमा शोतेन या दुसऱ्या प्रकाशनाने; आणि दोन्ही जोडीने लावायचे. टोटोरोचे दिग्दर्शक मियाझाकी आणि ग्रेव्हचे दिग्दर्शक ताकाहाता एकाच वेळी आपापल्या सिनेमाला भिडले. ग्रेव्ह तर वेळेत पुराच झाला नाही, काही दृश्यं न रंगवता नुसत्या रेषांत दाखवावी लागली.

आणि आईबाप मुलांना घेऊन गेले ते टोटोरो बघायला.

आता त्या मुलांच्या जागी आपली पोरं ठेवा. टोटोरोतली मेई चार वर्षांची, ग्रेव्हमधली सेत्सुकोही चार वर्षांची. मेईची आई दवाखान्यात आहे, म्हणून ती मक्याचं कणीस उराशी धरून एकटीच निघते. संपूर्ण सिनेमा मुलाला एकच धीर देतो: आई बरी होईल. त्यावर लगेच दुसरा लावलात की दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात भाजलेली, अंगभर पट्ट्या गुंडाळलेली आई दिसते, आणि ती मरते. मग सेत्सुको उपासमारीने मरते. तिचा मोठा भाऊ तर पहिल्याच दृश्यात स्टेशनवर मरून पडलेला असतो. आधी दिलेला धीर नव्वद मिनिटांत परत काढून घ्यायचा? कशासाठी? ‘कार्टूनच आहे’ म्हणून?

ग्रेव्ह थोर सिनेमा आहे, मान्य. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने तो मोठ्यांसोबत जरूर पाहावा. शनिवारी दुपारी खाऊच्या ताटलीबरोबर नाही.

८८ च्या त्या जोडीने तिकीटबारीवर फारसं काही कमावलं नाही. टोटोरो घराघरांत गेला तो वर्षभराने टीव्हीवर लागल्यावर, एकटा. कापडी खेळणी त्यानंतर आली आणि स्टुडिओला त्यांचा पैसा वर्षानुवर्षं पुरला. चीनच्या थिएटरांत तो डिसेंबर २०१८ मध्ये लागला, तीस वर्षांनी, आणि तिथेही माणसं मुलांना घेऊन गेली. सिनेमात खोट कधीच नव्हती, लावायची पद्धत चुकली होती.

म्हणून दाखवणारच असाल तर नीट दाखवा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं असतं, सापडलं नाही तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्म मेकर’ मोड लावा. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवलेलं असतं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं गुळगुळीत, निर्जीव होऊन जातं. ‘झूम’ही बंद. वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर नको. बस थांब्याच्या दृश्यात बराच वेळ कुणी बोलत नाही, छत्रीवर पडणारे थेंब हेच तिथले संवाद.

टोटोरो समोर यायला अर्धा तास लागतो. पोरं चुळबुळतील, पुढे पळवू नका. त्या अर्ध्या तासात ती घराचा जिना, काजळीचे गोळे, हातपंप, सगळं मेईबरोबर हुडकत असतात. बाबा दोघी मुलींबरोबर अंघोळ करतात ते दृश्यही गाळू नका, जपानी घरात ती रोजची गोष्ट आहे. मियाझाकींचाच आधीचा सिनेमा ‘नॉसिका’ अमेरिकेत वीसेक मिनिटं कापून लावला होता, तेव्हापासून स्टुडिओने बाहेर कात्री लावू दिलेली नाही. मग आपण रिमोटने का लावायची?

मेई हरवते आणि तळ्यात एक चप्पल सापडते तिथे मात्र लहानग्याला जवळ घ्या. सिनेमा थांबवू नका. तिथे थांबवला तर भीती तशीच राहते, पुढच्या काही मिनिटांत तिचा निचरा होतो.

आवाज जपानी ठेवा. हो, चार वर्षांच्या मुलाला सबटायटल वाचता येत नाहीत. इंग्रजी डबिंग लावलंत तरी चालेल, नाहीतर शेजारी बसून हळूच मराठीत सांगा. संवाद थोडेच आहेत.

आणि श्रेयनामावली! आई टॅक्सीतून घरी येते, मुलींबरोबर अंघोळ करते, त्यांना गोष्ट वाचून दाखवते, हे सगळं फक्त त्या चित्रांत आहे. ॲप नेमकी तिथेच पडदा आकसवून पुढचा सिनेमा सुचवतं. रिमोट हातात ठेवा आणि ‘क्रेडिट्स पाहा’ दाबा. नाहीतर मुलाच्या लेखी आई अजून दवाखान्यातच.

त्या दिवशी दुसरं काही लावू नका. जोडी हवीच असेल तर पुढच्या शनिवारी ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ लावा: १९८९ चा, पावणेदोन तासांच्या आत, पाच-सहा वर्षांच्या मुलांना झेपणारा. ‘स्पिरिटेड अवे’ सात-आठ वर्षांपर्यंत थांबू द्या, त्यात सुरुवातीलाच आईबाप डुकरं होतात. ती यादी तुमच्याकडे आली असेल तर ग्रेव्ह खोडूनच पुढे पाठवा.