‘बँडवाला’ म्हणून हिणवण्याआधी

एक मेसेज सध्या फिरतोय: स्विस संगीत म्हणजे अल्पहॉर्न आणि योडेल, तिथला ब्रास बँड, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, ही इंग्रजांची नक्कल, त्यासाठी लिहिणारे नुसते मार्च पाडतात आणि ‘खरा’ संगीतकार त्या वाटेला जात नाही.

अल्पहॉर्नला कमी लेखताय? त्या लांबलचक लाकडी वाद्याला ना भोकं, ना कळा. फुंकरीने निघतील तेवढेच स्वर. त्यातला अकरावा स्वयंभू (म्हणजे नळीतून आपसूक निघणारा) स्वर धड शुद्ध मध्यम नाही, धड तीव्रही नाही. स्विस संगीतकार जाँ डेटवायलर (1907–1994) यांनी 1970 मध्ये या हटवादी वाद्याला पुढे बसवलं आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा ठेवून कॉन्चेर्तो लिहिला. हा माणूस बाझलमध्ये जन्मला, पॅरिसला व्हँसाँ दँदींकडे शिकला, मग व्हाले या स्विस कँटनमधल्या (म्हणजे प्रांतातल्या) सिएरला येऊन राहिला आणि तिथल्या बँडांचाच झाला.

मार्च त्यांनी लिहिले, हो. ‘मारिन्यां’ व्हालेत आजही लाडका आहे. नाव 1515 च्या लढाईचं, तीही स्विस हरले ती! मार्च लिहिण्यात कमीपणा काय, हे मात्र मेसेजवाला सांगत नाही.

वाद्यमेळ इंग्रजी, हे कबूल. कॉर्नेटपासून ट्यूबापर्यंत पंचवीस वादक, शिवाय तालवाद्यं. ट्रम्पेटला जागाच नाही. पण तेवढ्यावर नक्कल म्हणायचं, तर आपल्या पेटीवाल्यांनी काय करायचं? आणि 2018 मध्ये उत्रेख्तला युरोपियन ब्रास बँड स्पर्धा जिंकली ती व्हालेच्या व्हॅलेझिया बँडने.

‘मार्चच पाडतात’ म्हणणाऱ्यांनी स्विस संगीतकार ओलिव्हर वेस्पी ऐकावा. जन्म 1971, झुरिक. पुढचं शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत. ब्रास बँडसाठीच्या त्याच्या ‘ऑडिव्ही मेडिया नॉक्ते’ या रचनेचं बीज सोळाव्या शतकातला इंग्रज संगीतकार थॉमस टॅलिस याच्या लॅटिन मोटेटमध्ये, म्हणजे धार्मिक समूहगीतात आहे. मूळ शब्दांत दिव्यात तेल राखून वराची वाट पाहणाऱ्या मुली आहेत आणि मध्यरात्री हाक येते, ‘वर आला!’ चर्चमध्ये गायचं ते बीज वेस्पीने पितळी वाद्यांच्या हाती दिलं. यावर पावलं टाकत चालून दाखवा.

राहिला ‘खरा’ संगीतकार. व्हेव्हे या स्विस गावचा द्राक्षमळेकऱ्यांचा महोत्सव साधारण पिढीतून एकदाच होतो. 1977 सालचं त्याचं संगीत जाँ बालिसा यांचं. फ्रिबोर्गचा लांडवेर बँड वर्षानुवर्षं चालवणारे बालिसा, तेच हे.