रात्री ११ची भूक

बावीस वर्षांच्या पोट्ट्याला “जेवलास का?” विचारलं की उत्तर ठरलेलं : “हो, झालं.” या “झालं”चा पंचनामा दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या बादलीपाशी करावा लागतो. चिप्सच्या रिकाम्या पिशव्या, नूडल्सचं वेष्टन, शीतपेयाची ६०० मिलीची बाटली आणि झाकणाला चीज चिकटलेलं पुठ्ठ्याचं खोकं. ओट्यावर जाळीखालची पोळी मात्र अंगाला हातही न लागलेली.

मग घरात प्रवचन सुरू होतं. बाबा वीस वर्षांचे असताना सायकलवर कुठून कुठे जायचे, हे पुन्हा एकदा मोजलं जातं. आत्या यकृतावरचा व्हिडिओ पाठवते. पोरगं अंगठ्याचं चित्र टाकून मोकळं. बरं, सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला जाऊन येताना तर्री-पोहे (चण्याचा तिखट, तेलकट रस्सा ओतलेले पोहे) हाणणारा बाप हे प्रवचन देत असेल, तर त्यातला रस पहिल्या वाक्यालाच संपतो. पोरं बापाच्या शर्टावरचा लाल डाग बरोबर टिपतात.

माझं मत असं, की भांडण चवीचं नाहीच, वेळेचं आहे. नागपूरचा मे महिना घ्या. पारा ४५ला टेकलेला, दुपारी कूलरसमोरून कोणी उठत नाही आणि भूकही लागत नाही. ऊन उतरलं की मित्रांबरोबर समोसा-तर्री होते. साडेआठला आपण ताट वाढतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं. खरी भूक लागते रात्री ११ला. त्या वेळी वांग्याची भाजी फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे, स्टीलच्या डब्यात असते. ती काढा, गरम करा, ताटली शोधा, मग घासा. फोनवर मात्र बोट फिरवलं की बिर्याणी दारात. मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचं किंवा अभ्यासिकेतून उशिरा परतणाऱ्यांचं तर बारा महिने हेच चालतं.

तेव्हा प्रवचन सोडून फ्रीजचा मधला कप्पा हाती घ्यावा. डबा काचेचा किंवा पारदर्शक हवा. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते बघणारा तरुण अजून जन्माला यायचा आहे. त्या डब्यात उकडलेले देशी चणे ठेवावेत. वाटीभर चणे आठ तास भिजवायचे, पण उन्हाळ्यात फ्रीजमध्येच. बाहेर ठेवले तर सकाळी पाण्यावर फेस आणि आंबूस वास. मीठ घालून कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या, पाणी निथळायचं, पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावायचं. गरम असताना लावलं की आत वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी चणे बुळबुळीत. नीट केले तर तीन दिवस टिकतात. कांदा आधीच चिरून त्यात मिसळू नये, सगळ्या फ्रीजला वास मारतो. शेजारी लिंबाची फोड आणि तिखट-मिठाची वाटी पुरे.

फळांचंही तेच. टोपलीतली संत्री ही घराची शोभा असते, तिला कोणी हात लावत नाही. तीच सोलून, फोडी करून समोर ठेवली की वाटी रिकामी. मात्र सोललेल्या फोडी फ्रीजमध्ये लवकर वाळतात, म्हणून रोजच्यापुरत्याच सोलाव्यात. हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवून बघा. सोलत बसण्याचा चाळा आणि पोटभर प्रथिनं, दोन्ही होतं.

नूडल्स बंद करायला जाऊ नये, हरायची लढाई आहे ती. तह करावा. पाकिटामागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. मात्र आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी पाहावं, कंपन्यांची गंमत तिथेच असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. हे मीठ बहुतेक मसाल्याच्या पुडीत असतं, म्हणून पुडी अर्धीच टाकायची. उकळत्या पाण्यात आधी गाजर-मटार तीन मिनिटं, मग नूडल्स, शेवटी एक अंडं फोडून. उलट क्रम केला तर नूडल्सचा लगदा होतो, मटार कच्चे राहतात आणि “तुझं हेल्दी बिल्दी” म्हणून ताटली परत येते.

तर्री-पोह्यांत तर खलनायक पोहेही नाहीत आणि चणेही नाहीत. वर तरंगणारा तो लाल थर, दुसऱ्यांदा मागितलेला, आणि मूठभर शेव, हे दोघं. चमचाभर म्हणजे १५ मिली तेलात सुमारे १२० कॅलरी जातात. “तर्री कमी, चणे जास्त” एवढं ठेल्यावर म्हणता आलं तरी पुष्कळ. भाऊ क्षणभर संशयाने बघतो, पण देतो.

शीतपेयाच्या त्या ६०० मिलीच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे बारा चमचे. तितकी चहात टाकणाऱ्याला आपण वेडा म्हणू. त्याऐवजी फ्रीजच्या दारात ताकाची बाटली ठेवावी. पन्हंही चालेल, पण त्यात गूळ आहे म्हणून कॅलरी माफ, हा वडीलधाऱ्यांचा लाडका भ्रम सोडावा.

एवढं मात्र थट्टेत घेऊ नये : सतत थकवा, धाप, भराभर घटणारं वजन दिसलं तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. खाणं लपवणं किंवा खाऊन मुद्दाम ओकणं दिसलं तर न ओरडता सरळ डॉक्टरकडे न्यावं.

बाकी, पोरगं एकदा ओट्यापाशी उभं राहिलं की निम्मं काम होतं. पिठल्याने सुरुवात करावी. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात आधीच कालवून घ्यायचं. नवशिक्याने कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि तो थेट फोन उचलतो. तेलात मोहरी, लसूण, मिरची, हळद, मग कालवलेलं बेसन, सतत ढवळत सात-आठ मिनिटं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. कढई तो घासणार नाही. पहिल्याच दिवशी तिचा विषय काढला, तर पुढचं पिठलं विसरा.