पबचे दार उघडे, घराचे बंद

ऑक्टोबर 2020 मध्ये करोनाचे निर्बंध सैल होताना महाराष्ट्रात बार आणि उपाहारगृहे सुरू झाली, मंदिरांना मात्र कुलूप राहिले. त्यावरून तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात झालेला पत्रव्यवहार आम्ही इंग्लंडमधील लेस्टर शहरात बसून वाचत होतो. हिंदुत्व कोणाचे खरे आणि ‘सेक्युलर’ कोण झाले, या वळणावर तो वाद लगेच गेला. त्यामागचा साधा प्रश्न, म्हणजे काय उघडायचे आणि काय बंद ठेवायचे हे ठरवताना ज्यांचा सण आहे त्यांना कोणी विश्वासात घेते का, हा मागेच पडला. आमच्या घरात 2020 साली हाच प्रश्न सतत चर्चेत होता.

बाकीचे इंग्लंड मोकळे होण्याच्या बेतात असताना 29 जूनला लेस्टरमधील निर्बंध वाढवण्यात आले. 3 ऑगस्टपासून येथील पब आणि रेस्टॉरंट उघडली, पण दुसऱ्याच्या घरी जाण्यास, अगदी त्याच्या बागेत बसण्यासही, बंदी राहिली. माझे दीर आणि जाऊबाई याच शहरात, आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहतात. आमच्या गौरी त्यांच्याकडे बसतात आणि दोन्ही घरे मिळून सवाष्णी जेवू घालतात. त्या वर्षी जाऊबाईंनी एकटीनेच गौरी उभ्या केल्या. पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दीर आले, आमच्या पायरीवर तो ठेवून त्यांनी घंटा वाजवली आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. आरतीला पुण्याहून सासूबाई झूमवर होत्या, परंतु आवाज मागेपुढे पोहोचत असल्याने टाळ आणि शब्द काही केल्या जुळेनात. शेवटी त्यांनी एकट्यांनी म्हणावे आणि बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून त्यांच्या मागून म्हणावे, असे ठरले.

गौरीपूजनाचा तो दिवस, 26 ऑगस्ट, बुधवार होता. ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार रेस्टॉरंटात बसून जेवणाऱ्यांना सरकार माणशी 10 पौंडांपर्यंत निम्मी सवलत देत होते. म्हणजे बाहेर जेवायला जा म्हणून सरकारच प्रोत्साहन देत होते आणि जाऊबाईंच्या गौरींसमोर हळदीकुंकू वाहायला मात्र मला परवानगी नव्हती. घरात माणसे बंद खिडक्यांआड जवळजवळ बसतात, मोठ्याने बोलतात, तासन्‌तास थांबतात आणि संसर्ग तिथे सहज पसरतो, हे मला मान्य आहे, म्हणून आम्ही बंदी मनापासून पाळली. हॉटेलांतल्या नोकऱ्या वाचवणे हेही योग्य कारण आहे. पण ते कारण असेल तर तसे सरळ सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे आमच्या मुलीला, आणि खरे तर आम्हा मोठ्यांनाही, असेच वाटत राहिले की घरातल्या सणाची कुणी गणतीच केलेली नाही.

आमच्या मुस्लिम शेजाऱ्यांनी याहून कडू अनुभव सांगितला. मँचेस्टर, वेस्ट यॉर्कशर आणि लँकेशरच्या काही भागांत त्यांचे नातलग राहतात. तिथे घरोघरी जाण्यावरची बंदी 30 जुलैच्या रात्री, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, जाहीर झाली, तेव्हा घरोघरी स्वयंपाकाची तयारी झालेली होती. आमची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या टाळेबंदीत सापडली. नाताळसाठी मात्र तीन कुटुंबांना पाच दिवस एकत्र येण्याची सवलत महिनाभर आधी जाहीर झाली, आणि 19 डिसेंबरला ती लंडन व आग्नेय इंग्लंडच्या बऱ्याच भागांसाठी पूर्ण रद्द करून इतरत्र एका दिवसावर आणली गेली. नाताळची मुभा हिरावली गेली याचे मला वाईट वाटले, कारण आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई लेकीची वाट बघत होत्या. तरीही ईद आणि दिवाळीसाठी अशी सवलत द्यावी का, याचा विचारही झाल्याचे आम्हाला कधी दिसले नाही, ही सल राहतेच.

महाराष्ट्राबद्दल येथून बोलताना मी एरवी कौतुकाला आवरते घेते, पण 2020 मध्ये दोन गोष्टी मनापासून पटल्या. आषाढीच्या वारीबाबत सरकार आणि पालखी संस्थाने मे महिन्यातच एकत्र बसली आणि पायी सोहळा न करता पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने जुलैच्या सुरुवातीलाच मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव करण्याचे ठरवले. हे निर्णय किती जड गेले असतील ते वारकऱ्यांना आणि गिरणगावातल्या माणसांना विचारावे, परंतु ते त्यांनी स्वतः घेतले होते, म्हणून ते निभावलेही गेले. मंदिरांच्या वेळी देवस्थानांशी अशीच सविस्तर चर्चा उघडपणे झाली असती, तर पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, ती उघडण्याआधी महिनाभर राजकारण पेटले नसते.

2020 संपताना लस आली तरी पुढचे वर्ष एकदम मोकळे होईल असे दिसत नव्हते. रमजान, आषाढी, गणपती आणि दिवाळी कधी आहेत हे आधीपासूनच पंचांगात आणि कॅलेंडरात असते, तेव्हा मुंबईत काय आणि लेस्टरमध्ये काय, त्या त्या समाजाच्या माणसांना सरकारने सणाच्या आदल्या रात्री नव्हे, तर दोन महिने आधी बोलवावे.