सहाशे फुटांचा हट्ट आणि सरकारी टेप

उन्हाळा लागला की कलेक्टर ऑफिसमधून आदेश निघतो : जिल्हा जलअभावग्रस्त, नवीन बोरिंग बंद. मध्य प्रदेशच्या १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्याखालच्या या आदेशाची इंदूरकरांना आता सवय झालीय. मुदत संपली रे संपली की कॉलन्यांमध्ये बोरिंगची गाडी घुसते. तिच्याही आधी येतो पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून पार्किंगमधून फेऱ्या मारतो, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली.

आमच्या सोसायटीतही हेच झालं. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं, की केंद्रीय भूजल बोर्डाचा आपल्या जिल्ह्याचा अहवाल कुणी उघडून बघितलाय का? सचिव म्हणाले, "अहो ताई, सरकारी कागदावर पाणी लागतं का कधी?" सगळे हसले. हसण्यासारखं होतंही. पण मला वाटतं ते तिथे बोलून संपलं नाही, म्हणून हे लांबण.

आपण राहतो ते काळ्या पत्थरावर, म्हणजे बेसाल्टवर. दक्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेला, त्याची उत्तरेकडची बाजू म्हणजे आपला माळवा. प्रत्येक थराचा माथा जाळीदार, बारीक भोकांचा. मधला भाग घट्ट, अखंड. आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा लाल मातीचा पट्टा. पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या खडकात, भेगांत, आणि दोन थर जिथे टेकतात त्या सांध्यात. घट्ट पत्थरात पाण्याला जागाच नसते. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या विहिरी तीस-चाळीस फुटांच्या असायच्या आणि त्यांना पाणी असायचं. त्या काळी खोल खणता येत नव्हतं हे खरं, पण पाणीही वरच होतं.

बोरिंग चालू असताना जवळ उभं राहून बघा. आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, मग करडी पूड. ती पूड इतकी बारीक आणि कोरडी की बाल्कनीतले कपडे, गाड्या, तुळशीवृंदावन, सगळं राखेने माखल्यासारखं दिसतं. तास न् तास करडी पूडच येत राहते. मग अचानक लालसर, ओलसर गोळे येतात आणि मशीनवाला ओरडतो, "साब, अब लगेगा!" कधी लागतं, कधी पुन्हा करडी पूड. तीनशे फुटांवर काही नाही म्हणून चारशे, मग सहाशे. दर फुटामागे असल्यामुळे मशीनवाल्याचं काहीच बिघडत नाही. बेसाल्टमध्ये दुप्पट खोली म्हणजे दुप्पट पाणी असं गणित नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पुष्कळदा खोल बोरिंग करतं काय, तर वरच्या भेगांतलं शेजाऱ्याचं पाणी खाली ओढून घेतं.

आता सरकारी कागद. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं ते कोळसा शोधायला. पाणी त्यात पुष्कळ उशिरा आलं. १९७० मध्ये केंद्रीय भूजल बोर्ड झालं, १९७२ मध्ये सर्वेक्षणाची भूजल शाखाही त्यात आली. २०१२ पासून देशभरच्या जलधरांचे, म्हणजे जमिनीखाली पाणी धरणाऱ्या थरांचे, नकाशे करण्याचं काम चाललं आणि सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे नकाशे झाले. मोठं काम आहे, नाकारत नाही. पण माझा जीव जडलाय तो याहून फार कंटाळवाण्या कामावर. ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चार वेळा, जानेवारीत, पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, माणूस जातो आणि पाणी किती खोल आहे ते लिहून आणतो. वर्षानुवर्षं त्याच विहिरी.

इंदूरजवळ सांवेरकडे नातेवाइकांच्या मळ्यात मी हे काम होताना बघितलंय. कठड्यावर रंगाची एक खूण असते, माप तिथूनच घ्यायचं. माणसाने पोलादी टेपच्या टोकाला खडू फासला, टेप आत सोडली, वर ओढली, खडू कुठपर्यंत ओला झालाय ते वाचलं, जमिनीपासून कठड्याची उंची वजा केली, वहीत आकडा लिहिला. चहालाही थांबला नाही. याला संशोधन म्हणायचं का, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, यासारखं संशोधन नाही. एका आकड्यातून काही कळत नाही. तीस-चाळीस वर्षांचे मे आणि नोव्हेंबरचे आकडे एकाखाली एक मांडले की पावसाने काय दिलं आणि आपण काय उपसलं, ते दिसायला लागतं.

एक हिशोब तर घरबसल्या करता येतो. वरच्या कुजलेल्या बेसाल्टमधून उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के. गंगेच्या गाळात हेच प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे पावसाळ्यानंतर आपली विहीर पाच मीटर वर आली की आपण खूश, पण खडकात खरं साठलेलं पाणी जेमतेम दहा सेंटीमीटरचा थर. माळव्यात पाऊस पस्तीस-चाळीस इंच. त्यातला दहावा हिस्सा खाली उतरला तर नशीब! या चार इंचांवर गहू, टाउनशिप, गाडी धुण्याचे पाइप, सगळं चाललंय. बोर्डाच्या वर्गवारीत वर्षभरात जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या १०० टक्क्यांपेक्षा जास्त उपसा असेल तो भाग 'अतिशोषित', आणि इंदूर त्यात बसतं. माळव्याच्या जुन्या म्हणीतलं "पग पग नीर", म्हणजे पावलोपावली पाणी, आपण आता फक्त भाषणात ऐकावं.

"नर्मदा आहे की!" हे उत्तर तयारच असतं. आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढून, चारशे मीटरहून जास्त उंचीवर पंपाने आणलेली. त्या विजेचा भार इतका, की २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे, काढून जलूदलाच सौर प्रकल्प घेतला. तरी कॉलनीच्या टोकाला नळ एक दिवसाआड येतो आणि मधल्या दिवशी बोरिंगच लागतं.

सरकारचंही चुकतं, आणि ठळक चुकतं. अहवाल इंग्रजीत, पीडीएफमध्ये. अख्ख्या भागाला उपशाचा एकच आकडा, आणि त्यात राजेंद्र नगर आणि विजय नगर एकाच दावणीला. बेसाल्टमध्ये दोनशे फूट बाजूला सरकलं तरी परिस्थिती बदलते, तिथे एवढ्या मोठ्या भागाच्या सरासरीचं आम्ही काय करायचं? वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर हिंदीत एवढं लिहा : या वॉर्डातली जवळची निरीक्षण विहीर, गेल्या मे महिन्यातली पातळी, दहा वर्षांपूर्वीची पातळी. बोरिंगची परवानगी मागणाऱ्याला आधी तो फळा दाखवा.

आणि विहिरी बुजवणं थांबवा. २०२३ च्या रामनवमीला पटेल नगरमध्ये मंदिरातल्या बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळून ३६ माणसं गेली. त्यानंतर शहरभर जुन्या विहिरी-बावड्यांची शोधाशोध झाली. असुरक्षित झाकण काढायलाच हवं, तिथे दुमत नाही. पण डबर टाकून विहीर भरून टाकली की पाणी आत जायची वाट गेली, आणि मोजायची जागाही गेली. कठडा बांधा, लोखंडी जाळी बसवा, गाळ उपसा. सहाशे फुटांच्या कोरड्या बोरिंगपेक्षा ते बहुधा स्वस्तच पडेल.

इंदुरात ज्यांनी बोरिंग केलंय त्यांना एक विनंती. मशीनवाल्याची जुनी पावती सापडली तर कॉलनीचं नाव, मुरूम कुठपर्यंत होता, लाल माती किती फुटांवर लागली, पहिलं पाणी कुठे आणि कोणत्या महिन्यात, एवढं खाली लिहा. कोरडं गेलेलं बोरिंग असेल तर तेही लिहा, त्याची माहिती जास्त कामाची. मोटर किती एचपीची आहे ते नको.