थोडं घासलंय म्हणे!

तिसऱ्यांदा. एका वर्षात तिसऱ्यांदा इंजिन उतरवून बेंचवर ठेवलंय आणि मी समोर स्टूल टाकून नुसता बघत बसलोय. पाना हातात घ्यायची इच्छाच मेलीय.

गाडी राजदूतची आरडी ३५०. १९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाचं डिझाइन घेऊन इथं आणली तीच. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, शेजारीशेजारी दोन सिलिंडर. माझी एचटी (हाय टॉर्क), म्हणजे ३०.५ हॉर्सपॉवरची, एलटीवाले (लो टॉर्क) २७ वर समाधान मानतात. आधीच्या मालकानं ही ड्रॅगसाठी बांधली होती. ४०२ मीटर सरळ पळायचं, बाकी जगाशी देणंघेणं नाही. ऑइल पंप काढून टाकलेला, तेल थेट पेट्रोलमध्ये कालवायचं, सायलेन्सरच्या जागी फुगल्या पोटाचे एक्सपान्शन चेंबर. घेताना विचारलं, हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, काय केलंय? म्हणाला, "थोडं घासलंय."

थोडं म्हणजे किती रे बाबा? अर्धा मिलिमीटर? एक? एकदाच घासलंस की दर सीझनला? "आता कुठं ध्यानात ऱ्हातंय ते!"

आरडीला दोन सिलिंडरना दोन वेगळी हेड असतात. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घातली, क्रँक फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून नेला, चेपलेली तार मायक्रोमीटरमध्ये धरली. तारेची जाडी म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट. डावीकडं १.१ मिलिमीटर. उजवीकडं ०.७. एकाच इंजिनात! म्हणजे ह्या गड्यानं दोन्ही हेड वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसाकडून, वेगवेगळ्या मूडमध्ये घासून घेतलेली. वर हाच इसम मला गाडी देताना "जिवापाड जपलीय" म्हणत होता.

तरी तो परवडला. खरा संताप बोअरिंगवाल्यावर आहे, म्हणजे सिलिंडर आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाचा करणाऱ्यावर.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन आलेल्याला सांगायला नको, तिथं लोखंडाचं काय वाट्टेल ते होतं. मी ज्याच्याकडं गेलो त्याचं नाव घेत नाही, घेऊन फायदाही नाही. दोन्ही ब्लॉक (सिलिंडर) दिले, ०.२५ ओव्हरसाइजचे, म्हणजे पाव मिलिमीटर मोठे, नवे पिस्टन दिले, आणि वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की पिस्टन खाली स्कर्टला (खालच्या घेराला) मोजायचा, तळापासून साधारण सेंटिमीटरभर वर, पिनच्या आडव्या दिशेनं. कारण पिस्टन दिसतो गोल, असतो नाही. डोक्याकडं बारीक, खाली रुंद, आणि किंचित अंडाकृती. डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं, म्हणून मुळातच बारीक केलेलं असतं.

ह्यानं काय केलं? पिस्टन उचलला, कॅलिपर लावला तो थेट डोक्याला! माझ्यासमोर. मी म्हटलं, मामा, खाली, खाली. तर म्हणतो, "मालक, तीस वर्सं झाली ह्येच करतोय. काळजीच करू नगा." मग होनिंग (आतून शेवटची घासाई) झाल्यावर पिस्टन बोअरमध्ये सोडला, अंगठ्यानं दाबला, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बसतंय की. एक नंबर!"

एक नंबर. तिथं पिस्टन आणि बोअरमध्ये फट पाहिजे चार-पाच शतांश मिलिमीटरची. डोक्याचा केससुद्धा बहुतेक त्याहून जाड असतो, आणि हा अंगठ्यानं मोजतोय. बरं, मीही शहाणा! तिथंच ब्लॉक उचलून चालतं व्हायला हवं होतं. पण ब्लॉक उघडा पडलेला, बोअर अर्धा झालेला, वर माणूस वयानं मोठा. गप्प बसलो, चहा प्यालो, पैसे दिले.

पन्हाळ्याच्या रस्त्याला रनिंग-इन करत होतो, नवे पिस्टन रुळवत. हळू, अगदी म्हाताऱ्यासारखा. चाळीसच्या स्पीडला डावा पिस्टन धरला. मागचं चाक कचकन लॉक. क्लच दाबायला बोटं आधीच ठेवली होती म्हणून आज हे लिहितोय. ब्लॉक काढला तर पिस्टनचं अॅल्युमिनियम बोअरला लिंपलेलं, शेणानं भिंत सारवावी तसं.

परत त्याच्याकडं गेलो. (हो, गेलो. हसा.) तर म्हणे तेल कमी घातलं असणार.

दुसऱ्या वेळी दुसरा गाठला. ह्याच्याकडं बोअर गेज होता, तो मी स्वतः बघितला, जीव भांड्यात पडला. ०.५० चे पिस्टन, फट बरोब्बर. पण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत पोर्ट असतात, म्हणजे चक्क खिडक्या. बोअर मारला की त्या खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. त्यांना हातानं बारीक चॅम्फर मारून धार मोडावी लागते, नाहीतर पिस्टनची रिंग जाताना अडकते. ह्यानं मोडली नव्हती. विचारलं होतं मी! उत्तर, "मारलंय थोडं." वीस मिनिटं गाडी चालली, मग टिक टिक, मग खडखड. रिंगचा तुकडा एक्झॉस्ट पोर्टमध्ये.

आता लोकांना वाटतं, चुकलं तर परत करायचं, त्यात काय एवढं? अरे, लोखंड परत येत नाही! ०.२५ झाला, ०.५० झाला, आता ०.७५. त्यानंतर १.०० आणि दुकान बंद. नवीन ब्लॉक कुठल्या दुकानात मिळणारेय? "जपान ओरिजिनल" लिहिलेल्या खोक्यातलं काय निघतं ते ज्यानं घेतलंय त्यालाच ठाऊक. दोन माणसांच्या आळसापायी चाळीस वर्षांच्या इंजिनाचं अर्धं आयुष्य छिलून भुश्यात गेलं.

आणि ठिणगी पाडणारे पॉइंट? ह्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पिस्टन वरच्या टोकाच्या आधी २ मिलिमीटर असताना, दोन्हीकडं स्वतंत्र लावायची, प्लगच्या भोकात डायल गेज घालून. आमच्या गल्लीतला मेकॅनिक काडेपेटीचा कागद घालून गॅप लावतो आणि आवाजावरून सांगतो की लागलं. कशाच्या आवाजावरून? सगळ्या गल्लीत एक्सपान्शन चेंबरशिवाय काही ऐकू येत नाही!

एकच माणूस ह्या सगळ्यात सरळ भेटला. इचलकरंजीत मागाचे सुटे भाग करणारे एक काका. क्रँक त्यांनी प्रेसवर उघडला, नवे रॉड बसवले, व्ही-ब्लॉकवर ठेवून अर्धा तास तांब्याच्या हातोडीनं ठोकत डायलच्या काट्याकडं बघत बसले. बोलले काहीच नाहीत. शेवटी क्रँक किती डगमगतोय ते, ०.०२, बिडीबंडलाच्या कागदावर लिहून कागद माझ्या हातात दिला. तो कागद मी पाकिटात ठेवलाय. त्यांच्याकडं बोअरिंग मशिन नाही, हे माझं नशीब.

तर आता ब्लॉक घेऊन कोइम्बतूरला चाललोय. तिथं रेसची इंजिनं करणारे आहेत, आकडा लिहून देतात म्हणे. दोन्ही ब्लॉक बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत भरले. ती दारात उभी राहून बघत होती.

"किती दिवस लागतील?"

"थोडे."

"थोडे म्हणजे किती?"